जिलेटीन कशाचे, एवढेच विचारले होते

प्रति,
गोळ्या, टॉफ्या, चॉकलेटे आणि जेली बनवणाऱ्या सर्व कंपन्यांचे संचालक

सादर नमस्कार.

मी तुमची जुनी गिऱ्हाईक. लहानपणी स्वतःसाठी घ्यायचे, आता मुलांसाठी घेते. या पत्रातला प्रश्न मी तुमच्यापैकी एका कंपनीला आधी तीनदा खासगीत विचारून पाहिला. उत्तर मिळाले नाही म्हणून आता चारचौघांत विचारते आहे. त्या कंपनीचे नाव घेत नाही. तिच्या जागी तुमच्यापैकी दुसरी कुठली असती तरी उत्तर बहुतेक तेच आले असते, हे इतक्या वर्षांच्या पाकीटवाचनानंतर मला कळून चुकले आहे.

झाले असे. आमच्याकडे फळांच्या चवीची एक जेलीची गोळी ठरलेली होती. पाकिटामागच्या घटकांच्या यादीत ‘जिलेटीन (गोवंशीय)’ असे असायचे आणि शेजारी हलाल प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेचा लहानसा शिक्का. धाकटी तीन वर्षे तीच गोळी खात होती. मध्यंतरी पाकीट नवे आले. रंग भडक, पुढे चांदणीत ‘आता आणखी मऊ’. मागे मात्र शिक्का गेलेला आणि कंसही गेलेला. नुसतेच ‘जिलेटीन’. हे माझ्या ध्यानात आले तोवर पाकीट अर्धे संपले होते, आणि नव्या वेष्टनातले ते काही पहिले पाकीट नव्हते.

मी कंपनीला लिहिले, हे जिलेटीन कोणत्या प्राण्याचे? उत्तर आले, ‘आमची सर्व उत्पादने लागू असलेल्या कायद्यांचे पालन करतात.’ मी पुन्हा लिहिले, कायद्याबद्दल शंका नाही हो, प्राणी कोणता? उत्तर आले, ‘हे उत्पादन हलाल प्रमाणित नाही.’ तिसऱ्यांदा लिहिले की प्रमाणित नाही हे शिक्का गेला तेव्हाच समजले, गाय की डुक्कर एवढे एका शब्दात कळवा. यावर, पुरवठादारांविषयीची माहिती व्यावसायिक गोपनीयतेत मोडते, असे उत्तर आले. खाली विचारले होते, आमच्या सेवेला पाचपैकी किती चांदण्या द्याल?

ज्या वाचकांना या भानगडीत कधी पडावे लागले नाही, त्यांच्यासाठी थोडे सांगते. जेलीची गोळी दाताखाली दबते आणि परत फुगते, मार्शमॅलो जिभेवर विरघळतो, ही करामत जिलेटीनची. जनावरांच्या कातडीत आणि हाडांत कोलॅजन नावाचे प्रथिन असते. ते आम्लात किंवा अल्कलीत मुरवायचे, गरम पाण्यात उतरवायचे, गाळायचे, वाळवायचे, की जिलेटीन तयार. डुकराची कातडी आम्लात लवकर तयार होते. गाईबैलांची हाडे आणि कातडी अल्कलीत आठवडेच्या आठवडे ठेवावी लागतात. युरोपात बनणारे बहुतांश जिलेटीन डुकराच्या कातडीचे असते. माशांच्या कातडीपासूनही ते निघते. पण एकदा गोळीत गेल्यावर तिन्हींत डोळ्याला फरक दिसत नाही, जिभेला लागत नाही, नाकाला येत नाही. आमच्या हातात राहतो तो तुम्ही छापलेला शब्द, आणि तोच तुम्ही काढून घेतलात.

कंसात ‘गोवंशीय’ असले म्हणजे सगळे झाले, असेही नाही. जनावर रीतसर जिबह केलेले, म्हणजे इस्लामी पद्धतीने कापलेले हवे. म्हणून कंस आणि शिक्का अशी जोडी लागते. पण कंस तरी असला तर माणूस पुढे चौकशी करू शकतो.

आता तुमच्यातले काही म्हणतील, की तुमच्या धर्मपंडितांतच एकमत नाही, मग आम्ही काय करायचे? एकमत नाही, खरे आहे. एखादा पदार्थ मुळापासून बदलून दुसराच झाला तर त्याचा हुकूम, म्हणजे तो चालतो की नाही हा निर्णयही बदलतो, याला इस्तिहाला म्हणतात. दारूचा सिरका झाला की तो हलाल, हे नेहमीचे उदाहरण. जिलेटीनला हे लागू होते का, यावर वाद आहे. १९८६ साली अम्मानमध्ये आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह (धर्मशास्त्र) अकादमीने ठरवले, की डुकरापासून काढलेले जिलेटीन मुसलमानाने खाण्यात वापरू नये. वनस्पतीतून किंवा रीतसर जिबह केलेल्या जनावरातून मिळणारे पर्याय आहेत, ते पुरेसे आहेत. १९९५ साली कुवेतमध्ये वैद्यकशास्त्र आणि फिकहवरच्या परिसंवादात नेमके उलट मत पुढे आले. कातडी आणि हाडांचे रूपांतर होऊन बनलेले जिलेटीन शुद्ध आहे, ते खायला हरकत नाही. मी पहिल्या मताची. माझी जाऊ दुसऱ्या मताला मान देते. आमचे त्यावरून कधी बिनसले नाही. पण कोणतेही मत पाळायचे तर आधी जिलेटीन कशाचे हे तरी कळायला हवे ना? कोणाचे मत बरोबर हे ठरवायला मी तुम्हाला सांगत नाही. ते आमचे आम्ही पाहू. तुमच्या गोदामात आलेल्या पोत्यावर काय लिहिले होते, तेवढे सांगा.

हलाल स्पष्ट आहे, हराम स्पष्ट आहे, आणि या दोहोंमध्ये संशयाच्या काही गोष्टी आहेत ज्या पुष्कळांना कळत नाहीत; त्यांच्यापासून जो दूर राहील तो आपला धर्म आणि आपली अब्रू राखील, अशा अर्थाची हदीस, म्हणजे पैगंबरांचे वचन, आम्ही लहानपणीच शिकतो. त्या मधल्या पट्ट्याला मशबूह म्हणतात. गोळ्या-चॉकलेटांचे अख्खे कपाट आज मशबूह झाले आहे. त्यातल्या कितीतरी वस्तू बहुधा निखळ हलाल असतील, आणि तरीही आम्ही त्या परत ठेवतो. त्यात तुमचाच माल पडून राहतो, हेही एकदा लक्षात घ्या.

आता तक्रारी एकेक करून मांडते.

पहिली, घटकाचे मूळ. जिलेटीनचे सांगून झाले. पण ते निदान नावाने ओळखू तरी येते. पाकिटावर छापतात त्या ई-क्रमांकांतला, म्हणजे खाद्यपदार्थात घालायच्या पदार्थांच्या सांकेतिक आकड्यांतला, ई ४७१ घ्या. मेदाम्लांची मोनो आणि डायग्लिसराइडे. टॉफी चिकट होऊ नये, च्युइंग गम मऊ राहावा, चॉकलेटातले सारण फुटू नये म्हणून घालतात. ती पाम किंवा सोयाबीनच्या तेलातून होतात, तशीच जनावराच्या चरबीतूनही होतात. पाकिटावर दोन्हींचा आकडा एकच. ग्लिसरीनचेही तेच, ई ४२२. दाबून बनवलेल्या पुदिन्याच्या गोळ्या साच्याला चिकटू नयेत म्हणून मॅग्नेशियम स्टिअरेट लागते, त्यातले स्टिअरिक आम्लही दोन्हीकडून येते. चॉकलेटात व्हे पावडर असते. व्हे म्हणजे चीज करताना सुटलेले पाणी, आणि चीज विरजायला जे रेनेट लागते ते वासराच्या पोटातलेही असते आणि बुरशीपासून केलेलेही. यापैकी एकही गोष्ट तुम्हाला ठाऊक नसते असे नाही. खरेदी खात्याकडे प्रत्येक पोत्याचा कागद असतो.

दुसरी तक्रार रंगाची. लाल, गुलाबी, जांभळ्या गोळ्यांत पुष्कळदा कार्मिन असते, ई १२०. निवडुंगावर राहणाऱ्या कोचिनील किड्यांच्या माद्या वाळवून, कुटून तो काढतात. पेरूत त्याचे सर्वाधिक उत्पादन होते. हनफी आणि मालिकी या आमच्या धर्मशास्त्राच्या दोन परंपरा. हनफी मताप्रमाणे किडे खाण्यात चालत नाहीत. मालिकी मत सैल आहे, आणि इंडोनेशियाच्या उलेमा (धर्मपंडित) परिषदेने २०११ साली कोचिनीलचा रंग हलाल असल्याचा फतवा दिला. म्हणजे इथेही माणसागणिक उत्तर वेगळे. अमेरिकेत बरीच वर्षे हा रंग ‘कृत्रिम रंग’ किंवा ‘रंग घातला आहे’ अशा गोलमाल शब्दांखाली खपून जायचा. काहींना त्याची जबरदस्त अ‍ॅलर्जी होते हे दिसल्यावर तिथल्या अन्न व औषध प्रशासनाने २००९ मध्ये नियम केला, आणि जानेवारी २०११ पासून कोचिनील आणि कार्मिन ही नावे छापणे सक्तीचे झाले. छापल्याने एकही कारखाना बंद पडल्याचे मी ऐकले नाही. गोळीवरची चकाकी बहुतेकदा शेलॅकची असते, ई ९०४. शेलॅक म्हणजे लाख, लाखेच्या किड्याचा स्राव. त्याला बरेच उलेमा परवानगी देतात, मीही देते. (माझी परवानगी कोणी मागितली नव्हती, पण पत्र माझे आहे.) तरी ‘चकाकी आणणारा पदार्थ’ एवढेच लिहून मोकळे होऊ नका.

तिसरी तक्रार अल्कोहोलची. दारू भरलेल्या चॉकलेटांबद्दल बोलत नाही. त्यांच्यावर नाव ठळक असते, कारण ते नावच विकायचे असते. बोलते आहे ते ‘स्वाद’ या दोन अक्षरांच्या शब्दाबद्दल. कितीतरी स्वाद इथेनॉलमध्ये, म्हणजे अल्कोहोलमध्येच, विरघळवून आणतात. अमेरिकेच्या नियमाप्रमाणे व्हॅनिला एक्स्ट्रॅक्ट म्हणवून घ्यायचे तर त्यात किमान ३५ टक्के अल्कोहोल लागतेच. शिजताना त्यातले बरेचसे उडून जाते, आणि गोळीत उरते ते अगदी थोडे. मलेशियाच्या राष्ट्रीय फतवा समितीने २०११ साली या थोड्याचाही विचार केला. मद्यनिर्मितीतून न आलेले आणि स्वाद टिकवण्यापुरते वापरलेले इथेनॉल तयार पदार्थात ०.५ टक्क्यांच्या वर जात नसेल तर चालते, असे त्यांनी सांगितले. बघा, धर्माने मोजमाप करून दिले आहे. तुम्ही आकडा दिलात तर आम्ही तो लावून पाहू. आकडाच नसेल तर काय लावणार?

याच ठिकाणी एक गैरसमज दूर करायला हवा. पुष्कळ भले लोक मला सांगतात, अहो शाकाहारी खूण बघा आणि घ्या, एवढा त्रास कशाला? मीही कित्येक वर्षे तेच करत आले, आणि घाईत असले की अजूनही करते. पण शाकाहारी किंवा व्हीगन खूण फक्त जनावराबद्दल बोलते, अल्कोहोलबद्दल काही सांगत नाही. उलट जे हलाल आहे ते सगळे शाकाहारी असते असेही नाही. कोशर शिक्क्याचेही तसेच. ज्यू धर्मीयांचे नियम आमच्या नियमांजवळ जातात, पण द्राक्षांखेरीज इतर मद्याबद्दल ते आमच्याइतके कडक नाहीत, आणि कोशर सुचवणारे नुसते ‘के’ हे अक्षर तर कुणीही छापू शकतो. दुसऱ्याच्या चष्म्यातून वाचायचे, म्हणजे अंदाजे वाचायचे.

चौथी तक्रार सर्वांत मोठी आहे, आणि हे पत्र तिच्यामुळेच लिहिले गेले. तुम्ही पाककृती गुपचूप बदलता. बदल करायचा तुम्हाला हक्क आहे. पुरवठादार बदलतो, भाव चढतात, कारखाना एका देशातून दुसऱ्या देशात जातो, हे कळते. पण तुम्हाला जो बदल मिरवायचा असतो त्याची चांदणी होते, आणि जो आमच्या दृष्टीने सगळ्यांत महत्त्वाचा असतो तो यादीतून एक कंस उडवून उरकला जातो. एकच नाव, एकच चित्र, आणि आत दोन वेगळ्या वस्तू, हा तर तुमचा नेहमीचा प्रकार. स्टारबर्स्ट ही चघळायची गोळी अमेरिकेत जिलेटीन घालून होते आणि ब्रिटनमध्ये न घालता. हारिबो या कंपनीच्या जर्मनीतल्या नेहमीच्या जेलीत डुकराचे जिलेटीन असते, तर तुर्कस्तानातल्या कारखान्यात तीच कंपनी गोवंशाच्या जिलेटीनची हलाल जेली करते. करते ही चांगलीच गोष्ट आहे, मी नावे ठेवत नाही. पण परदेशातून आलेल्या पाहुण्याने मुलांच्या हातात पाकीट ठेवले, की मला ते उलटून ‘कुठे बनवले’ हे शोधावे लागते. पाहुणा बघत असतो. मुले बघत असतात. घरातले सगळे हसू त्या एका मिनिटात गोठते. पाहुण्याला वाटते मी त्याच्यावर संशय घेतला.

पाचवी, सुटी गोळी. लहान मुलाला क्वचितच अख्खे पाकीट मिळते. वर्गात कोणाचा वाढदिवस असला की प्रत्येकाच्या हातावर एकेक गोळी पडते. मोठ्या पाकिटावर यादी असते, ते पाकीट बाईंच्या टेबलावर राहते. गोळीच्या कागदावर नाव आणि एक हसरे फळ. युरोपात तर नियमच आहे, की वेष्टनाची सर्वांत मोठी बाजू १० चौरस सेंटिमीटरहून लहान असेल तर घटकांची यादी छापली नाही तरी चालते. मोठ्यांच्या हिशेबाने नियम ठीक असेल. माझी मुलगी मात्र गोळी खिशात ठेवते आणि संध्याकाळी मऊ झालेला, कागदाला चिकटलेला तो गोळा माझ्यापुढे धरून विचारते, “अम्मी, ही चालते का?” सात वर्षांच्या मुलीने दिवसभर खिशात गोळी सांभाळायची म्हणजे काय, हे ज्यांच्या घरात लहान मूल आहे त्यांना वेगळे सांगायला नको. आणि निम्म्या वेळा माझे उत्तर असते, “माहीत नाही बेटा.” नाही म्हणणे मला जमते. माहीत नाही म्हणताना जीव कासावीस होतो.

सहावी तक्रार सामाईक यंत्रांची. जेलीच्या गोळ्या ओतायला कारखान्यात मक्याच्या पिठाचे ट्रे असतात. पिठात ठसे उमटवायचे, त्यात गरम पाक ओतायचा, गोळ्या आळल्या की झटकून काढायच्या. पीठ वाळवून, चाळून परत वापरात येते. आज डुकराच्या जिलेटीनची गोळी आणि उद्या पेक्टिनची (फळांतून काढलेल्या, पाक आळवणाऱ्या पदार्थाची) गोळी त्याच पिठात ओतली, तर पाकिटावर ‘पेक्टिन’ लिहूनही आमच्या शंकेचे निरसन होत नाही. शेंगदाण्याबाबत तुम्ही हे अगदी इमानेइतबारे सांगता: ‘शेंगदाणे हाताळणाऱ्या यंत्रांवर बनवलेले.’ हेच वाक्य दुसऱ्या नावाने छापता येणार नाही का?

इथे तुमची जुनी सबब येते, की पाकिटावर जागा नाही. युरोपच्या नियमात १४ अ‍ॅलर्जीकारक घटक ठळक अक्षरांत छापावे लागतात आणि तुम्ही ते छापता. अमेरिकेत आठ होते, २०२३ पासून तीळ धरून नऊ झाले, त्यालाही जागा सापडली. अ‍ॅलर्जीने जीव जातो, धर्माने जात नाही, हा फरक मला मान्य आहे. म्हणून मी पानभर जागा मागत नाही. एका कंसाची मागते, तोही अशा पाकिटावर की जिथे याआधी तो होता.

गोपनीयतेचे म्हणाल तर पाककृती कोणीच मागितलेली नाही. किती ग्रॅम, किती तापमान, कोणता पुरवठादार, यातले काही नको. प्राण्याचे नाव हे गुपित असेल, तर आधीच्या पाकिटावर ते तीन वर्षे छापलेले कसे होते?

ग्राहकांनी विचारल्यावर कंपन्या बदलतात, याची उदाहरणे आहेत. मे २००७ मध्ये मार्स कंपनीने ब्रिटनमध्ये जाहीर केले, की आपल्या काही चॉकलेटांत वासराच्या रेनेटपासून मिळालेला व्हे वापरणार. शाकाहारी लोकांनी पत्रांचा पाऊस पाडला, आणि काही दिवसांतच कंपनीने चूक कबूल करून निर्णय मागे घेतला. स्किटल्स या गोळ्यांमधून जिलेटीन गेले त्याला आता बरीच वर्षे झाली. गोळी अजून तशीच खपते. पेक्टिन, समुद्री शेवाळातले अगार, स्टार्च या सगळ्यांनी पाक आळतो. लोकुम ही तुर्की मिठाई तर कित्येक पिढ्या स्टार्चवरच घट्ट होत आले आहे. पोत थोडा बदलतो, हे खरे. पण जिलेटीन सोडा असा माझा हट्टही नाही. वापरा, फक्त कशाचे ते सांगा.

एक भीती तुम्ही उघड बोलत नाही, ती मीच बोलते. टोबलरोन या चॉकलेटाला २०१८ च्या एप्रिलमध्ये हलाल प्रमाणपत्र मिळाले. पाककृतीत काडीचाही बदल नव्हता, चॉकलेट आधीपासूनच तसे होते. डिसेंबरमध्ये ही बातमी फुटल्यावर युरोपातल्या उजव्या गटांनी बहिष्काराच्या हाका दिल्या. तेव्हापासून पुष्कळ कंपन्यांना हा शब्द पाकिटावर नकोसा झाला असेल, तर मला आश्चर्य वाटणार नाही. ठीक आहे, शब्द नका छापू. शिक्काही नका लावू, त्याला खर्च असतो, तपासणीस येतात, तुमचे दिवस मोडतात. ‘जिलेटीन (गोवंशीय)’ किंवा ‘जिलेटीन (डुकराचे)’ यावर कोण बहिष्कार घालणार? ‘डुकराचे’ असे स्पष्ट छापलेत तर मी तुमचे आभारच मानेन. ते पाकीट मी मुकाट्याने खाली ठेवेन, आणि तुमचे दुसरे पाकीट निर्धास्तपणे उचलेन.

तुम्ही गप्प राहिलात की अफवा बोलतात, हेही सांगायला हवे. आमच्या फोनवर दर महिन्याला ई-क्रमांकांची एक यादी फिरत येते, ‘यात डुक्कर आहे, लगेच पुढे पाठवा.’ तिच्यात ई ४४१ म्हणजे जिलेटीन असे ठळक अक्षरांत असते. युरोपच्या नियमांत जिलेटीन हे अ‍ॅडिटिव्ह (ई-क्रमांक मिळणारा, वरून घालायचा पदार्थ) धरतच नाहीत, ते साधा घटक आहे, त्यामुळे तिथल्या पाकिटावर ई ४४१ कधी सापडणारच नाही. म्हणजे यादी वाचणारा निर्धास्त होतो, आणि ते असते शेजारीच ‘जिलेटीन’ या नावाने. उलट त्याच यादीत ई ४७१ सरसकट हराम ठरवलेला, पामतेलाचाही. ही यादी मी स्वतः एके काळी चार जणींना पाठवली आहे, याची लाज वाटते.

अफवेच्या जोडीला तपासणीचाही घोळ असतो. मे २०१४ मध्ये मलेशियाच्या आरोग्य खात्याला कॅडबरीच्या दोन चॉकलेटांत डुकराच्या डीएनएचे अंश सापडले. एकच गदारोळ झाला, माल परत मागवला गेला. पुढच्या महिन्यात तिथल्या इस्लामी विकास खात्याने, म्हणजे जाकिमने, कारखान्यातून घेतलेल्या नमुन्यांत काहीही आढळले नसल्याचे जाहीर केले. जिलेटीन करताना उष्णता आणि आम्लामुळे डीएनएचे तुकडे तुकडे होतात, म्हणून प्रयोगशाळेतही ते पकडणे सोपे नसते. घरबसल्या एखाद्या आईने काय तपासावे? तिला तुमच्या कागदावरच विसंबावे लागते.

शिक्का देणाऱ्या संस्थांनाही दोन शब्द, कारण हे पत्र त्याही वाचतील. एप्रिल २०२५ मध्ये इंडोनेशियाच्या हलाल हमी संस्थेने आणि अन्न-औषध यंत्रणेने मिळून नऊ पदार्थांत डुकराचे अंश आढळल्याचे जाहीर केले. त्यातल्या सात पदार्थांवर हलाल प्रमाणपत्र होते, आणि यादीत मार्शमॅलोच जास्त. त्यांनी ते स्वतः शोधले आणि स्वतः नावानिशी जाहीर केले, हे मला फार मोठे वाटते. तुमच्यापैकी किती संस्था एकदा शिक्का दिल्यावर बाजारातून पाकीट उचलून परत तपासतात? प्रमाणपत्र संपले किंवा काढून घेतले, तर ते कुठे जाहीर करता? माझ्या गोळीवरचा शिक्का गेला तेव्हा संस्थेच्या यादीत तिचे नाव पुढे कित्येक महिने तसेच होते. मी त्या यादीवर भरवसा ठेवला होता. कोडेक्सची, म्हणजे आंतरराष्ट्रीय अन्नमानके ठरवणाऱ्या आयोगाची, ‘हलाल’ शब्दाच्या वापराची मार्गदर्शक तत्त्वे १९९७ पासून आहेत. कागद तयार आहे. त्याच्या मागे माणसे उभी राहायला हवीत.

माझ्या मागण्या अशा.

जिलेटीन, ई ४७१, ग्लिसरीन, स्टिअरेट आणि रेनेट यांपुढे मूळ छापा: गोवंशीय, डुकराचे, माशाचे, वनस्पतिजन्य. कार्मिन आणि शेलॅक नावाने लिहा.

स्वादात अल्कोहोल असेल तर तसे लिहा, आणि विचारल्यावर तयार गोळीतले प्रमाण सांगा.

मूळ बदलले तर पाकिटाच्या दर्शनी भागावर निदान सहा महिने ‘घटक बदलले आहेत’ एवढे छापा. ‘आणखी मऊ’च्या चांदणीत ते सहज मावेल.

सुट्या गोळीच्या कागदावर यादी मावत नसेल तर एखादा छोटा कोड छापा, जो फोनने वाचता येईल आणि ज्यामागे त्या कारखान्याची, त्या खेपेची खरी यादी असेल. साऱ्या देशांसाठी मिळून एकच गोलमाल पान नको.

सामाईक यंत्रांवर डुकराचे जिलेटीन जात असेल तर शेंगदाण्यासारखेच तेही सांगा.

आणि ग्राहक सेवेला एक सूचना द्या. ‘हलाल आहे का’ याचे उत्तर देण्याचा तुमचा अधिकार नसेल तर देऊ नका. पण ‘कोणत्या प्राण्याचे’ या प्रश्नाला प्राण्याचे नाव हेच उत्तर असते.

माझ्याकडे एक वही आहे. डावीकडे गोळीचे नाव, मध्ये कुठे बनली, उजवीकडे काय कळले. नऊ वर्षांची वही आहे ती, ओळखीच्या बायका फोन करून तिच्यातले विचारतात. तुमच्यापैकी काहींची पाने स्वच्छ आहेत. एकदा विचारले, एका दिवसात उत्तर आले, विषय संपला. त्यांची नावे मी सगळ्यांना आनंदाने सांगते. त्या एका गोळीच्या पानावर मात्र तीन तारखा आहेत आणि तिसरा रकाना कोरा आहे.

अर्ध्या पाकिटातल्या अकरा गोळ्या मी फेकल्या नाहीत. स्टीलच्या डब्यात घालून कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवल्या आहेत. उत्तर आल्यावर ठरवू, असे धाकटीला सांगितले आहे. ती दर आठवड्याला विचारते, आले का?

कळावे,
एक आई, तुमची गिऱ्हाईक